खांबालगतची जागा : पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या फोटो-पॅकेजचं परीक्षण

आधी निकाल सांगून टाकू, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. वसई ते आगाशी पट्ट्यात पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी (फर्स्ट होली कम्युनियन, म्हणजे कॅथलिक मूल चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेतं तो विधी) सध्या तीन तऱ्हेची फोटो-सेवा मिळते. पहिली, चर्चने सगळ्या मुलांसाठी मिळून ठरवलेला एकच फोटोग्राफर. दुसरी, घरच्यांनी आपल्या एकट्या मुलासाठी बोलावलेली 'सिनेमॅटिक' टीम : समुद्रावरचं प्री-शूट, ड्रोन, रील, हॉलमध्ये धुरातून एन्ट्री. तिसरी, गावातल्या जुन्या स्टुडिओत नंतर जाऊन काढलेला एक फोटो. पहिलीला पाचपैकी साडेचार, तिसरीला चार, दुसरीला दोन. तेही दोन गुण कॅमेरा धरणाऱ्या पोरांच्या हाताला आहेत, पॅकेजला नाहीत.

दर इथे दिलेले नाहीत. ते हंगामावर आणि घासाघिशीवर ठरतात, आणि महागड्या पॅकेजमध्ये नेमकं काय महाग आहे हे पुढे कळेलच.

गुण देताना फोटोच्या झळाळीपेक्षा एका गोष्टीकडे जास्त पाहिलं आहे. त्या दिवशी मुलाला चर्चमध्ये एक जागा मिळते : चौथा बाक, डावीकडून तिसरं, दोन्हीकडे आपल्यासारखीच पांढऱ्या कपड्यातली मुलं. समोरून येणारी भाकर सगळ्यांना सारखीच, साधारण तीन सेंटीमीटर व्यासाची. डॉक्टरच्या मुलीला मोठी आणि वाडीतल्या मजुराच्या मुलाला लहान, असं नसतं. ही जागा फोटोत शिल्लक राहते की पुसली जाते, हा खरा प्रश्न. चांगली सेवा ती राखते. वाईट सेवा मुलाला तिथून उचलून पोस्टरवर नेऊन ठेवते.

पहिला प्रकार : चर्चचा एकच फोटोग्राफर

चाळीस मुलं, एक मिस्सा (चर्चमधली उपासना), सव्वा ते दीड तास. पण या कामाचा सगळा कस चार मिनिटांत लागतो. धर्मगुरू म्हणतात 'ख्रिस्ताचे शरीर', मूल म्हणतं 'आमेन', भाकर जिभेवर किंवा तळहातावर, आणि मूल बाजूला. एका मुलामागे पाच-सहा सेकंद. चाळीस मुलांची चार मिनिटं. दोन धर्मगुरू दोन रांगांना देत असतील तर दोनच मिनिटं, आणि तेव्हा एका माणसाने भागत नाही. दोन रांगा असताना एकच फोटोग्राफर पाठवणारी सेवा निम्म्या मुलांच्या फक्त पाठी टिपते. ठरवताना हे फादरांना आणि फोटोग्राफरला, दोघांनाही विचारा, कारण बऱ्याचदा दोघं एकमेकांना विचारत नाहीत.

उभं राहायची जागा म्हणजे वेदीच्या पायऱ्यांखाली, बाजूच्या खांबालगत, रांगेपासून आठ ते दहा मीटरवर, धर्मगुरूंच्या डाव्या हाताच्या बाजूला. डाव्या बाजूला अशासाठी, की भाकर उजव्या हाताने दिली जाते; उजवीकडून फोटो काढला तर तोच हात मुलाच्या चेहऱ्यावर आडवा येतो. लेन्स ७०-२०० मिलिमीटरची, म्हणजे दुरूनही जवळचं टिपणारी; छिद्र (अपर्चर) २.८. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर दहा मीटरवरून २०० मिलिमीटरला आडवी चौकट साधारण एक मीटर ऐंशी सेंटीमीटर रुंदीची मिळते. मुलाचा चेहरा, देणारा हात, मागे नंबर लावून उभं असलेलं मूल, एवढं तिच्यात नीट बसतं. पुढे घुसायची गरजच नसते. जो घुसतो, तो लेन्स नाही म्हणून घुसतो.

आपल्याकडच्या चर्चमधला उजेड हा वेगळाच त्रास आहे. उंच खिडक्यांतून सकाळचा निळसर उजेड, छताला ट्यूबलाइट आणि वेदीवर गेल्या सणाला लावलेले पिवळे एलईडी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरं पांढरंच दाखवणारी सोय, ऑटोवर ठेवला तर एकाच मुलाचे तीन फोटो तीन रंगांचे येतात. चांगला माणूस मिस्सेआधी अर्धा तास येतो, वेदीवरचं पांढरं कापड टिपून तो आकडा पक्का करतो आणि शेवटपर्यंत हलवत नाही. दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/२५० सेकंदावर नेलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. १/१०० ला ते जातात आणि चालतं मूलही बऱ्यापैकी स्थिर दिसतं. मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ६४०० पर्यंत न्यावा लागला तरी हरकत नाही, हल्लीच्या कॅमेऱ्यांना तो झेपतो. यात एक गंमत अशी की सगळ्यात जास्त पट्टे येतात ते इलेक्ट्रॉनिक मूक शटरवर. आवाजाने कुणाची प्रार्थना मोडू नये म्हणून ते लावणाऱ्या भल्या माणसाच्याच फोटोंची माती होते. त्याने मूक शटर बायबलच्या वाचनांच्या वेळी, खिडकीच्या उजेडात वापरावं. रांगेसाठी साधं यांत्रिक शटर बरं.

पांढरा पोशाख कॅमेऱ्याला दोन्हीकडून फसवतो. चौकटभर पांढरंच असेल तर कॅमेरा सगळं राखाडी करतो; अंधाऱ्या चर्चमध्ये एकच पांढरा झगा असेल तर झगा जळून सपाट होतो आणि त्यावरचं भरतकाम नाहीसं होतं. ज्या आजीने ते भरतकाम केलं, ती पहिल्यांदा तेच शोधते. त्यामुळे एक्स्पोजर हाताने, झग्याचा पांढरा रंग फुटणार नाही इतपत ठेवायचं, फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात) घ्यायची आणि चेहरे नंतर उजळायचे. आजी स्वतः वसईच्या कुपारी समाजाच्या पद्धतीच्या लाल लुगड्यात शेजारी उभी असेल तर लाल रंग झग्याच्याही आधी भरून जातो, त्यातले बारकावे उरत नाहीत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीन रंगांचे आलेख (हिस्टोग्राम) वेगवेगळे दिसतात. एकत्रित आलेखावर विसंबणाऱ्याला घरी गेल्यावर लुगड्याच्या जागी लाल डबकं दिसतं.

नावांचा घोळ मात्र सगळ्यांकडे होतो. चाळीस मुली-मुलगे, एकसारखे कपडे, डोक्यावर एकसारखे मुकुट. फोटोग्राफर धर्मशिक्षणाच्या शिक्षिकेकडून रांगेची यादी घेतो आणि फोटोंना क्रम देतो. मग अकराव्या क्रमांकाचं मूल ऐनवेळी लघवीला जातं, परतून शेवटी उभं राहतं आणि अकराव्यापासून पुढच्या तीसही घरांत दुसऱ्याच्या मुलाचे फोटो पोहोचतात. उपाय सोपा आहे : मिस्सा सुरू होण्याआधी प्रत्येक बाकाचा एक फोटो, बाकाच्या टोकाला यादीचा कागद धरून. जुळवणी चेहऱ्यावरून होते, क्रमावरून नाही. हे करतो का, एवढं विचारलं तरी माणूस किती पाण्यात आहे ते कळतं.

दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा हवा, हेही विचारा. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेलं सगळं त्याच्या लेखनिकाने, बारूखने, गुंडाळीवर लिहिलं, यहोयाकीम राजाने ती कापून कापून शेगडीत जाळली, आणि बारूखला पहिल्यापासून पुन्हा लिहावं लागलं. त्याच्याकडे निदान यिर्मया होता पुन्हा सांगायला. इथे मिस्सा पुन्हा होत नाही.

बारूखचं नाव निघालंच आहे तर : यिर्मयाच्या पुस्तकातला पंचेचाळिसावा अध्याय, अवघ्या पाच ओव्यांचा, या एका लेखनिकासाठी आहे. तो थकला आहे, कण्हतो आहे, आणि देव त्याला विचारतो की स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतोस काय, शोधू नकोस. मिळतं काय, तर जीव वाचेल एवढं आश्वासन. कीर्तीचं एक अक्षर नाही. तरी यिर्मयाचे शब्द टिकले त्यात या लेखनिकाचा हात आहे. चर्चच्या फोटोग्राफरचं काम याच जातीचं आहे.

आणि आपल्याला बारूखपर्यंत जायचीही गरज नाही. संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. आई इथली, वडील पोर्तुगीज. तरुणपणी जपानला गेले, जेज्वीट धर्मगुरूंबरोबर आठेक वर्षं काम केलं, पण त्या संघात प्रवेश मिळाला नाही. व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेले, तेही याजक नव्हे, साधे धर्मबंधू. १५९३ मध्ये पुन्हा जपानला पाठवले गेले ते जपानी भाषा येते म्हणून, दुभाषी म्हणून. दुसरा बोलणार आणि यांनी ते पोहोचवायचं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारलं गेलं. १८६२ मध्ये संतपद जाहीर झालं. ज्या दुभाष्याचं बोलणं ऐकताना दुभाषा विसरायला होतो, तो चांगला दुभाषा. मिस्सा संपल्यावर 'फोटोग्राफर आला होता का?' असं कुणी विचारलं, तर त्या माणसाचा अर्धा गुण वाढवा.

साडेचारच का, पाच का नाही? कारण या सेवेत घरच्यांना स्वतःच्या मुलाचे मोजकेच फोटो मिळतात : रांगेतले तीन, मेणबत्तीचा एक, आईवडिलांबरोबर दोन, गट एक. तीन म्हणजे आधीचा, घेतानाचा आणि नंतर डोळे मिटलेला. हा तिसराच बहुधा सर्वांत चांगला असतो आणि घाईत तोच राहून जातो, कारण कॅमेरा तोवर पुढच्या मुलाकडे वळलेला असतो. फाइल मिळायलाही वेळ लागतो. आणि गटाचा फोटो अनेक जण उरकतात. चाळीस मुलांच्या चार ओळी, दहा-दहाची एक, म्हणजे रुंदी चार मीटर. पायऱ्यांवर उभी करायची, फोकस दुसऱ्या ओळीवर, छिद्र ८, आणि किमान दहा फोटो, कारण इतक्या मुलांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेलेच असतात. चर्चचं तोंड पश्चिमेला असेल तर सकाळी पायऱ्यांवर सावली असते, तीच वेळ साधायची. दोन फोटो काढून 'झालं!' म्हणणाऱ्याला थांबवा.

दुसरा प्रकार : सिनेमॅटिक टीम

इथे तीन-चार जण येतात. त्यांची कारागिरी खरोखर चांगली असते. मुलाच्या कॉलरला लावलेल्या बारीक माइकने टिपलेलं ते पुटपुटलेलं 'आमेन' कुठल्याही फोटोपेक्षा मोलाचं आहे, आणि आजी-आजोबांना बसवून घेतलेली दोन मिनिटांची बोलणी वीस वर्षांनी सोन्याच्या भावाने जातील. दोन गुण याचेच.

बाकीचं पॅकेज बघू. सुरुवात प्री-शूटने : राजोडी, कळंब किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात, संध्याकाळच्या उजेडात, पांढऱ्या झग्यात. आपले किनारे सपाट आहेत. ओहोटीला पाणी दूर जातं आणि मागे काळपट ओला चिखल उरतो. झग्याची किनार त्यात एकदा बुडाली की मिस्सेच्या दिवशी ती किनार करडी दिसते, कितीही धुतली तरी. भरतीची वेळ न बघता तारीख देणारी टीम असेल तर तिने समुद्र फक्त मोबाइलमध्ये पाहिला आहे असं समजा. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर पातळ थर बसतो, उजेडाकडे तोंड केलं की सगळं धुरकट; दर दहा मिनिटांनी पुसावं लागतं. मेणबत्ती वाऱ्यात टिकत नाही म्हणून पुन्हा पुन्हा पेटवली जाते. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी : डोक्यावरची जाळी आणि झग्याचं वरचं कापड बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं असतं. ते पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. ज्योत आणि जाळी यांच्यात हातभर अंतर, मेणबत्तीला कागदी वाटी, आणि वारा असेल तर जाळी काढूनच ठेवायची किंवा बॅटरीची मेणबत्ती. चर्चमध्येही हाच नियम.

वसईच्या किल्ल्यात शूट हवं असतं अनेकांना. तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथल्या व्यावसायिक शूटला परवानगी लागते, ड्रोनला तर लागतेच. 'आपली ओळख आहे' हे उत्तर म्हणजे परवानगी नव्हे. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत : २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंतचा मायक्रो, आणि उडवण्याआधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळाच्या नकाशावर त्या जागेचा रंग बघायचा. टीमला ड्रोनचं वजन आणि नोंदणी क्रमांक विचारा. आणि खरं सांगायचं तर चाळीस मुलांची रांग वरून मुंग्यांसारखी दिसते, चेहरा एकाचाही दिसत नाही. ड्रोन फक्त कौलांना शोभतो.

मग मिस्सा. एका चर्चमध्ये अशा तीन टीम आल्या तर तिघांना एकच कोपरा हवा असतो. गिंबलवाला (कॅमेरा न हलता धरणारी दांडी घेतलेला) मधल्या वाटेने उलटा चालत येतो, मुलं वेदीऐवजी त्याच्याकडे बघतात. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे 'पुन्हा एकदा' : क्षण हुकला म्हणून मिस्सा संपल्यावर मुलाला उभं करून, तोंड उघडायला लावून, नुसत्याच हाताने देण्याचं नाटक. १९६७ साली रोमहून ख्रिस्तप्रसादाविषयी जे सूचनापत्र निघालं, त्यात फोटोंमुळे उपासनेत व्यत्यय येऊ नये, फोटो काढायचेच तर अत्यंत संयमाने आणि स्थानिक बिशपांच्या नियमांनुसार, असं स्पष्ट आहे. तेव्हा गिंबल नव्हते तरी लिहावं लागलं, म्हणजे खोड जुनीच.

आणि मग हॉल. दरवाज्यात धूर, दोन्हीकडे थंड फटाके, मोठ्या पडद्यावर मुलाचं नाव सिनेमाच्या शीर्षकासारखं, नऊ वर्षांचं पोर काळा चष्मा लावून स्लो मोशनमध्ये. पाठीमागे हिंदी गाणं, जे रीलवर टाकलं की हक्कांच्या कारणावरून आवाज बंद होऊ शकतो, हा वर व्याप. थंड फटाके थंड नसतात. ठिणगी जाळीवर पडायला एक क्षण पुरतो. बंद हॉलमध्ये धुराच्या यंत्राने दम्याच्या मुलांना त्रास होतो, आणि फुगे (तळलेले पिठाचे गोळे) आणि वड्यांची ताटं घेऊन बसलेल्या पाहुण्यांनाही.

काही पॅकेजमध्ये मुलाच्या नावाचं इन्स्टाग्राम खातं उघडून देणंही असतं. त्या खात्याला वयाची अट तेरा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते. तुमची संमती तुमच्या मुलापुरती. रीलमध्ये मागच्या बाकावर दिसणाऱ्या बारा मुलांच्या आईबापांना कुणी काही विचारलेलं नसतं. टीमशी करार करताना इतर मुलांचे चेहरे धूसर करण्याची आणि पॅकेजची जाहिरात म्हणून तुमच्या मुलाचा व्हिडिओ न वापरण्याची अट लेखी घाला. ही अट ऐकून दर वाढला तर समजायचं, सवलत कशाची होती.

हे सगळं मौजेचं आहे, एका दिवसाचं आहे, एवढं काय, असं म्हणता येईल. पण पॅकेज विकतं काय ते बघा. त्याच्या जाहिरातीचा अर्थ एवढाच असतो : आज तू हिरो. ख्रिस्तप्रसाद नेमकं उलटं सांगतो : आज तू शरीराचा एक अवयव. बायबलमध्ये करिंथकरांना पहिल्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की देवाने प्रत्येक अवयव आपल्या मर्जीप्रमाणे शरीरात ठेवला. पाय म्हणत नाही की मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही. चाळीसपैकी तीन मुलांमागे कॅमेरे धावत असताना उरलेली सदतीस मुलं त्या दिवशी जे शिकतात, ते धर्मशिक्षणाच्या वर्गात पुसता येत नाही. त्या तिघांचंही नुकसानच आहे. हिरोला दर महिन्याला नवा सिनेमा लागतो. पुढच्या रविवारी तेच पोर साध्या शर्टात सहाव्या बाकावर बसतं तेव्हा त्याला मिस्सा उतरणीला लागल्यासारखी वाटते.

पहिल्या बाकासाठी होणारी ओढाताण याच घरची. 'आमच्या टीमला समोरून क्लिअर शॉट पाहिजे' म्हणून आईबाप आदल्या संध्याकाळी बाकावर हातरुमाल ठेवून येतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीत मानाची आसनं पकडणाऱ्यांना प्रभूने जे सांगितलं, की सर्वांत खालच्या जागी बसा, ते सगळ्यांना पाठ आहे, तरी हातरुमाल ठेवले जातात.

इथे एक सावधगिरी हवी. 'देवाने दिलेल्या जागेत समाधानी राहा' हे वाक्य आपल्याकडे वरच्याने खालच्याला ऐकवण्यासाठी फार वापरलं गेलं आहे, ख्रिस्ती घरांतही. ज्याला पॅकेज परवडत नाही त्याला हे ऐकवून गप्प करायचं आणि ज्याला परवडतं त्याने धूर उडवायचा, असा अर्थ काढणारा बायबल अर्धंच वाचतो. ज्या अध्यायात पौल प्रत्येकाला आपल्याला बोलावलं गेलं त्या स्थितीत राहायला सांगतो, त्याच अध्यायात तो दासाला म्हणतो की मोकळं होता येत असेल तर हो. शिक्षण, मजुरी, हक्काची जमीन यांसाठी झगडणं म्हणजे असमाधान नव्हे. चित्तसमाधान वेगळ्या ठिकाणी लागतं : दुसऱ्याच्या डोळ्यांत आपण केवढे दिसतो याचा हिशेब सोडायला. आणि ते उपजत येत नाही. पौल फिलिप्पैकरांना लिहिताना तुरुंगात आहे आणि 'शिकलो' असा शब्द वापरतो; भरपूर असताना कसं राहायचं, तेही शिकलो म्हणतो. पॅकेज परवडणाऱ्यांसाठी तो दुसरा भाग आहे.

टीम बोलवायचीच असेल तर तिला फक्त घरचं काम द्या : सकाळची तयारी, आजीच्या हाताने घातलेली माळ, दुपारचं जेवण, आजोबांचं बोलणं. कॉलरचा माइक फादरांना आधी विचारून. मिस्सेत चर्चचा फोटोग्राफर असेल तोच. अशी अर्धी सेवा द्यायला बऱ्याच टीम तयार होतात, आणि त्या अर्ध्या सेवेला आमचे साडेतीन गुण आहेत.

तिसरा प्रकार : स्टुडिओतला एक फोटो

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अजून काही जुने स्टुडिओ तग धरून आहेत. मागे रंगवलेला पडदा, गुडघे टेकायला लाकडी पाट, हातात जपमाळ आणि प्रार्थनापुस्तक. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं वय सुमारे सातवर आणलं. त्याआधी मुलं दहा-बारा वर्षांची व्हायची. जुन्या घरांतल्या भिंतींवर असे फोटो दिसतात, फोटो किती जुना ते मुलाच्या वयावरूनही ओळखता येतं.

आठवडाभरात जा, झगा आखूड व्हायच्या आत. पापण्यांवर मेकअप नको. चेहरा गोरा करून देतात ती 'सेवा' स्पष्ट शब्दांत नाकारा. सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप चालू असते आणि न सांगता होते. एक गुण कापला तो या खोडीसाठी.

अल्बम आणि दमट हवा

तिन्ही प्रकारांत शेवटी अल्बम येतो, आणि कोकणात अल्बमचा खरा शत्रू पावसाळा. बारा बाय छत्तीस इंचाचा करिझ्मा (पानांवरच फोटो छापलेला) अल्बम वीस शीटचा घेतला तर एकाच मुलाचं तोंड चाळीस पानांवर येतं. आठ-दहा शीट भरपूर होतात. शीट न फाटणाऱ्या म्हणून विकल्या जातात, पण चकचकीत पानं दमट हवेत एकमेकांना चिकटतात आणि ओढली की रंग निघतो. मॅट किंवा लस्टर घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत ओलावा अडकतो आणि बुरशी धरते. लोखंडी कपाटात, भिंतीपासून सुटा, आडवा, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. रंग बदलणाऱ्या पुड्या मिळाल्या तर कधी सुकवायच्या ते कळतं. गणपती उरकले, ऊन पडलं की एकदा पानं उघडून वारा द्यायचा, थेट उन्हात नाही. मूळ फाइली दोन वेगळ्या घरांत, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. पेनड्राइव्हवर विसंबू नये.

गटाचा फोटो मात्र सुटा छापून घ्या, आठ बाय बारा तरी, आणि चाळीसही घरांत द्या. मागच्या बाजूला नावं लिहायची, ओळीने, डावीकडून. हल्लीच्या फोटोकागदाला मागून प्लास्टिकचा थर असतो, त्यावर साधी पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. मार्करची शाई पुढच्या फोटोला लागते. म्हणून नावं आधी कागदी लेबलवर लिहा, वाळू द्या, मग चिकटवा. ओळ पहिली, एक ते दहा. ओळ दुसरी, एक ते दहा. पुढच्या बाजूला आपल्या मुलावर बाण किंवा गोल काढू नका. ओळ तिसरी, डावीकडून सातवं, असं मागे लिहिलेलं पुरतं.